दुर्लक्षित शिलालेखाचा नीट फोटो कसा काढायचा
पडक्या वास्तूपाशी शिलालेख दिसला आणि कोणी ढुंकूनही बघत नसेल तर निदान त्याची नोंद तरी करून ठेवा, अक्षरं ऊन-पावसात झिजतच असतात. उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही फासू नका प्लीज, ते दगडाच्या छिद्रांत बसतं आणि निघता निघत नाही. त्यापेक्षा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा, पुसट खाचांमध्येही सावली पडते आणि अक्षरं वाचता येतात, मग डावीकडून, उजवीकडून, वरून असा उजेड टाकत वेगवेगळे फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. लोकेशन सेव्ह करा, पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि पोच मागाच. कोणी हौसेने सिमेंट लावत असेल तर थांबवा, जुन्या चुन्याच्या बांधकामात त्याने ओल अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात.