शुभ बोलावं, पण मांडवाची आग लपवू नये: स्वतःशी आणि ऑफिसात बोलण्याची भाषा कशी बदलावी

'शुभ बोल रे नाऱ्या' म्हटलं, तर नाऱ्या म्हणतो 'मांडवाला आग लागली'. या म्हणीत नाऱ्याचं नेहमी हसं होतं. खरं तर मांडव पेटला असेल तर ते सांगणारा तोच कामाचा माणूस. चुकलं एवढंच, की 'बादल्या विहिरीपाशी आहेत' हे पुढचं वाक्य त्याने बोललंच नाही. सकारात्मक भाषा म्हणजे ते पुढचं वाक्य. त्याची सवय लावायला साधारण महिनाभर लागेल असं धरून चाला.

पहिला आठवडा: फक्त नोंद

रोज रात्री पाच मिनिटं काढा आणि दिवसभरात स्वतःबद्दल मनात आलेली किंवा तोंडातून गेलेली दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा. सुधारू नका. 'माझं नशीबच फुटकं' असेल तर तेच लिहा. आठवड्याच्या शेवटी तीन प्रकारचे शब्द अधोरेखित करा: कायमचे (नेहमी, कधीच, सगळंच), शिक्का मारणारे (ढ, आळशी, बिनकामाचा) आणि मोघम वायद्याचे (बघू, करतो, होऊन जाईल). अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या मांडणीत निराशावादी माणूस अपयशाचं कारण कायमचं, सगळीकडे लागू होणारं आणि स्वतःतलंच मानतो. 'नेहमी', 'सगळंच' आणि 'मी ढ' हे शब्द नेमके तिथूनच येतात.

दुसरा आठवडा: वाक्य बदला, उलटं करू नका

सर्वात जास्त माणसं इथेच घसरतात. 'मला प्रेझेंटेशन जमतच नाही' हे खोडून 'मी उत्तम वक्ता आहे' असं लिहितात आणि आरशासमोर घोकतात. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांना असं गोड वाक्य घोकल्यावर आणखी वाईट वाटलं. कारण मन लगेच उलट पुरावे काढून दाखवतं.

म्हणून कसोटी एकच ठेवा: नवं वाक्य गेल्या महिन्यातल्या एखाद्या घटनेने सिद्ध करता आलं पाहिजे. 'पहिली दोन मिनिटं माझा आवाज कापतो, मग सुरळीत होतं. सुरुवातीची चार वाक्यं पाठ करायची.' यात आगही आहे आणि बादलीही. काहीच सुचलं नाही तर 'जमत नाही'च्या आधी 'अजून' घाला. एका आठवड्यात दोनच वाक्यं बदलायला घ्या; दहा घेतलीत तर वही चौथ्या दिवशी कपाटात जाईल.

मुलाखतीच्या दारात वेगळी युक्ती चालते. 'मी' सोडून स्वतःला नावाने हाक मारा: 'प्रिया, तुला कामाची माहिती आहे. प्रश्न पूर्ण ऐक, मग बोल.' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या 2014च्या संशोधनात असं बोलणाऱ्यांना ताण जास्त चांगला हाताळता आला. धडधडत्या छातीला 'शांत हो' म्हणणं मात्र फारसं उपयोगी पडत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या प्रयोगांत 'मला हुरूप आलाय' या अर्थाचं वाक्य म्हणणाऱ्यांचं भाषण जास्त चांगलं झालं. धाकधूक आणि हुरूप, दोन्हींत छाती सारखीच धडधडते, त्यामुळे हा बदल मनाला पटतो.

तिसरा आठवडा: स्वप्न आणि अडथळा एकाच पानावर

मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी 2002 साली जर्मन पदवीधरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी मिळाल्याची सुखस्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, आणि त्यांना पगारही कमी मिळाला होता. तेव्हा पानावर चार ओळी लिहा: काय हवं, मिळालं तर काय बदलेल, माझ्यातला कोणता अडथळा आड येतो, आणि एक जर-तर वाक्य. 'जर रात्री साडेनऊला हात मोबाइलकडे गेला, तर आधी एक्सेलचा एक धडा पूर्ण करीन.' 'रोज अभ्यास करीन' हे जर-तर नव्हे. त्यात वेळ नाही आणि अडथळाही नाही.

चौथा आठवडा: ऑफिसातली मराठी

आपल्या भाषेत कर्ता गायब करायची फार सुंदर सोय आहे. 'मेल राहून गेला', 'फाइल कुठेतरी गेली', 'तसं ठरलं होतं'. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की जबाबदार कोणी नाही. त्याऐवजी: 'मेल मी पाठवला नाही. बारापर्यंत पाठवतो, आणि क्लायंटला फोनही करतो.'

'बघतो' याचा अर्थ महाराष्ट्रात बहुधा 'नाही' असाच घेतला जातो. खरंच बघणार असाल तर वार आणि वेळ जोडा. नकार द्यायचा असेल तर पर्यायासह द्या: 'आज दोन रिपोर्ट होणार नाहीत. विक्रीचा आज देतो, स्टॉकचा गुरुवारी. क्रम बदलायचा का?'

वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर भिडस्तपणा सर्वात महागात पडतो. 'टीमसोबत थोडंफार काम केलं' असं लिहिलं की वाचणारा तेवढंच धरतो. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: मी काय केलं, किती, आणि त्याने काय बदललं. 'बिलांची तपासणी मी नव्या तक्त्यावर आणली. तीन दिवसांचं काम एका दिवसात होतं.' ही बढाई नव्हे, हिशेब आहे. मात्र आकडे दर महिन्याला टिपून ठेवा, मार्चमध्ये ते आठवत नाहीत.

हे कुठे लावू नये

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातला रस गेला असेल तर वाक्यं बदलत बसू नका, डॉक्टरांना भेटा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत आहे.

आणि दुसऱ्याच्या दुःखावर ही भाषा लादू नका. नोकरी गेलेल्या सहकाऱ्याला 'पॉझिटिव्ह राहा रे' म्हटलं की तो पुढे बोलायचाच थांबतो. त्याला विचारा, 'बायोडाटा मी एकदा वाचून देऊ, की आज नुसता चहा घ्यायचा?'