सामान्यरूप शिकवायचं तर लोकलची स्टेशनं घ्या

मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायला लागणार असाल, तर वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही हे धरूनच चाला. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. शब्दांच्या आठ जाती या मुलांकडून घोकून घेतल्या तर गुण मिळतात, वाक्य मात्र जमत नाही.

बी.एड.ला उद्गामी आणि अवगामी अशा दोन्ही पद्धती शिकवतात. सामान्यरूप म्हणजे प्रत्यय लागताना नामाचं जे बदललेलं रूप होतं ते. त्यासाठी मी उद्गामीच वापरते, म्हणजे उदाहरणं आधी आणि नियम नंतर. फळ्यावर दादर, कुर्ला, अंधेरी, ठाणे, वडाळा, वांद्रे अशी नावं लिहायची आणि प्रत्येकाकडून ‘मी अमुक ठिकाणी जातो’ हे ‘ला’ लावून वदवून घ्यायचं. कुर्ल्याला, ठाण्याला, वडाळ्याला, वांद्र्याला. पण दादरला, अंधेरीला. मग बदलणारी नावं एका रकान्यात, न बदलणारी दुसऱ्यात. शेवटचा स्वर बघा म्हटलं की ‘आ’ आणि ‘ए’ची नावं एकीकडे गेली, हे मुलंच ओरडून सांगतात. नियम तेव्हा लिहायचा, त्यांच्याच शब्दांत.

त्याच तासाला ‘पंखा’ आणि ‘दप्तर’ द्या. पंख्याला हे कुर्ल्याला सारखंच झालं, पण दप्तरचं दप्तराला होतं, दादरचं दादराला होत नाही. असं का, हा प्रश्न वर्गातून आला की विशेषनाम आणि सामान्यनाम काढायचं. नुसती व्याख्या म्हणून कोरडा वाटणारा हा भेद इथे कामाला येतो. मला हा तास फार आवडतो.

सगळंच असं मुलांकडून काढून घेत बसू नका. हिंदीभाषक मुलं ‘मीने पोळी खाल्ली’ लिहितात. तिथे सरळ सांगावं, की मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागत नाही. त्याने, तिने मध्ये लागतो. मग भरपूर तोंडी सराव. नपुंसकलिंग गुजराती मुलांना लवकर कळतं, कारण त्यांच्या भाषेतही तीन लिंगं आहेत. हिंदीभाषक मुलं मात्र ‘माझी पुस्तक’ म्हणतात. त्यांच्याकडून प्रत्येक नवा शब्द ‘ते पुस्तक’, ‘ती वही’ असा सर्वनामासकट लिहून घ्या.

वह्या तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुका लाल करा. सामान्यरूप चालू असेल त्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या. पालकसभेत यावर प्रश्न येतोच. ‘वेलांट्या पुढच्या निबंधात बघणार आहे’ असं सांगितलं की पालक समजून घेतात.