आधी नुसता ब्रॉथ

मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मुलांना लगेच ई. कोलाय या जंतूची ट्यूब हवी असते. मी देत नाही. प्रत्येकाच्या स्टँडला निर्जंतुक न्यूट्रिएंट ब्रॉथच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ पोषक द्रवाच्या, तीन ट्यूब लावते. लूप म्हणजे टोकाला बारीक कडी असलेली तार; पहिलीतला लूपभर ब्रॉथ दुसरीत घालायचा, तिसरीला हातही लावायचा नाही, आणि तिन्ही ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायच्या. जंतू कुठेच घातलेला नाही, म्हणजे तिन्ही नितळ राहायला हव्यात. दुसरी गढूळ झाली तर आत जे गेलं ते हाताळताना गेलं. तिसरीही गढूळ झाली तर हाताला बोल लावू नका, आधी मीडिया (जंतू वाढवायचं पोषक मिश्रण, इथे ब्रॉथ) आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) तपासा.

इतकं साधं प्रॅक्टिकल मी कधी गाळत नाही. सुरुवातीलाच कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवंत जंतू, हातात दिलं की ट्यूब गढूळ होणारच, आणि ती तुमच्या जंतूने झाली की हवेतल्या, हे नुसतं बघून कळत नाही. जर्नलवर सही होते, चुकीची सवय हातात तशीच राहते आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला वर येते. निर्जंतुक ब्रॉथ मात्र काही लपवत नाही.

आमची लॅब रत्नागिरीत. पावसाळ्यात भिंतीला ओल, पुस्तकांच्या कडांना बुरशी, हवेत बुरशीचे बीजाणू कायम. त्यामुळे तयारी हवेपासून. काम सुरू करायच्या निदान पंधरा मिनिटं आधी पंखा बंद, खिडक्या बंद, दारातली ये-जा बंद. उकडतं, घाम येतो, तरी पंखा बंदच. याचं महत्त्व पटत नसेल तर न्यूट्रिएंट अगरच्या (अगर घालून गोठवलेल्या मीडियाच्या) दोन प्लेट घ्या. एक पंखा चालू असताना पंधरा मिनिटं उघडी ठेवा, दुसरी पंखा बंद करून थोड्या वेळाने तेवढीच. दोन दिवसांनी शेजारी ठेवून बघा, झाकणं न उघडता. त्यानंतर पंख्याचं बटण कोणाला सांगावं लागत नाही.

टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं. शंभर टक्के वापरलं तर जास्त जंतू मरतील असं वाटतं, पण तसं होत नाही. प्रथिनं नीट बिघडायला पाणी लागतं. निव्वळ अल्कोहोलने पेशीचं बाहेरचं आवरण घट्ट होतं आणि ते उडूनही पटकन जातं. बीजाणू ७० टक्क्यांनीही मरत नाहीत, म्हणून पुसलेलं टेबल निर्जंतुक झालं असं समजू नका; उघडा लूप किंवा ट्यूबच्या तोंडाचा कापसाचा बोळा त्यावर टेकवायचा नाही. आणि टेबल पूर्ण वाळल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही. केस बांधलेले, अ‍ॅप्रनची बटणं लावलेली, ओढणी बॅगेत. हात साबणाने धुतलेले. ट्यूब उघडी असताना बोलायचं नाही, तोंडातूनही तुषार उडतात.

आता बर्नर न पेटवता एकदा पूर्ण काम करून बघा. स्टँड डाव्या बाजूला, लूप उजव्या, बर्नर समोर, मार्कर हाताशी. मध्येच काहीतरी घ्यायला उठावं लागलं तर मांडणी चुकली आहे. नावं या आधीच्या फेरीतच लिहून टाका: ट्यूबवर अंगाला, प्लेटवर तळाला. झाकणावर लिहिलेलं नाव झाकणाबरोबर दुसऱ्या प्लेटवर जातं.

लूप पेनासारखा धरायचा आणि तार ज्योतीत जवळजवळ उभी ठेवायची, दांड्याजवळच्या टोकापर्यंत लाल होईल अशी. नुसतं टोक लाल करून भागत नाही, ट्यूबच्या आत बरीचशी तार जाते. पुढे कल्चरवर काम करताना आणखी एक पथ्य आहे: लूपला कल्चर लागलेलं असेल तर आधी ज्योतीच्या आतल्या निळ्या भागात धरून वाळवायचं, मग लाल करायचं. एकदम तापवलं तर चुर्र होऊन जिवंत जंतूंचे बारीक थेंब हवेत उडतात आणि तुमच्या नाकासमोरच उडतात.

लाल झालेला लूप गार करायला हवेत हलवायचा नाही, त्यावर फुंकर तर अजिबात मारायची नाही. ज्योतीजवळच स्थिर धरा, मनात दहा आकडे मोजा, ट्यूबच्या आतल्या काचेला टेकवा. प्लेट असेल तर जिथे वाढ नाही अशा कडेच्या अगरला. तिथे आवाज आला तर लूप अजून गरम आहे, आणि अशा लूपला जे कल्चर लागेल ते मेलेलं असेल.

आता करंगळी. इथे घाई करू नका, सगळं कौशल्य इथेच आहे. लूप उजव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत आहे, करंगळी मोकळी. डाव्या हातातली ट्यूब त्या करंगळीपाशी आणा. बोळ्याचं बाहेरचं टोक करंगळी आणि तळवा यांच्यात पकडा. मग बोळा ओढू नका. ट्यूब किंचित फिरवत खाली काढून घ्या. बोळा करंगळीत तसाच राहतो, ट्यूबमध्ये जाणारा भाग कशालाही न लागता. तो टेबलावर ठेवायचा नाही, एक सेकंदही नाही. ट्यूबचं तोंड ज्योतीतून दोन-तीनदा फिरवा. काच लाल करायची नाही, तोंडाजवळची हवा गरम होऊन बाहेरच्या दिशेला वाहिली की पुरे. ट्यूब तिरकी धरा, म्हणजे वरून पडणारी धूळ सरळ आत जात नाही. गार झालेला लूप तोंडाच्या कडेला न लावता आत, बाहेर. तोंड पुन्हा ज्योतीतून. बोळा लावा, ट्यूब स्टँडला. लूपभर ब्रॉथ हातात धरून हाच क्रम दुसऱ्या ट्यूबला. शेवटी लूप पुन्हा लाल करून मगच खाली ठेवा. हे सगळं ज्योतीपासून वीतभर अंतराच्या आत व्हायला हवं, कारण तिथली हवा वर चढत असते आणि धूळ खाली बसत नाही.

स्क्रू कॅपच्या ट्यूब असतील तरी पद्धत हीच. फक्त ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना झाकण सैल ठेवा.

ऑटोक्लेव्हबद्दल सगळ्यांना पाठ असतं: १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. पाठ नसतं ते हे, की जंतू दाबाने मरत नाहीत, ओल्या उष्णतेने मरतात. आत हवा अडकून राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो आणि तापमान १२१ पर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणून व्हॉल्व्हमधून वाफेचा सलग झोत येईपर्यंत हवा जाऊ द्यायची, मगच व्हॉल्व्ह बंद करायचा. घरी कुकरवर शिट्टी ठेवायच्या आधी वाफ येऊ देतात तसंच. फ्लास्क दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. ऑटोक्लेव्ह टेपवर (उष्णतेने रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीवर) काळे पट्टे उमटले म्हणजे तिला उष्णता लागली, एवढंच. आतलं निर्जंतुक झालं याची ग्वाही ती देत नाही. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जंतूच्या बीजाणूंची पट्टी अधूनमधून आत ठेवून मग वाढवून बघावी लागते. काटा शून्यावर येण्याआधी उघडलं तर मीडिया उसळून बोळे भिजतात. भिजलेला बोळा आमच्याकडे पावसाळ्यात बाद समजतात: ओल्या कापसातून बुरशी धागा धागा करत आत उतरते. बोळ्यांना न भिजणारा कापूस घ्यायचा तो याचसाठी.

प्लेट ओतताना अगर ४५ ते ५० अंशांवर हवा. फ्लास्क हाताच्या मागच्या बाजूला सहन होईल इतका गरम, असं मी सांगते. जास्त गरम ओतलं की झाकणाला पाणी धरतं, तेच थेंब पुढे स्ट्रीकवर (लूपने अगरवर ओढलेल्या रेघांवर) पडतात आणि कॉलनी, म्हणजे जंतूंच्या वाढीचे वेगवेगळे ठिपके, एकमेकींत मिसळतात. म्हणून प्लेट इन्क्युबेटरमध्ये नेहमी पालथी. ओतताना झाकण पूर्ण काढायचं नाही, एका बाजूने फ्लास्कचं तोंड जाईल एवढंच उचलायचं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये सुरुवातीला सपाट काचेवर जिलेटिन पसरून वर काचेची हंडी झाकायचे, आणि बघायचं म्हटलं की ती उचलावी लागायची. १८८७ साली त्याचा सहायक युलियस रिचर्ड पेट्री याने कडेवरून खाली येणारं झाकण असलेली बशी सुचवली. जिलेटिनच्या जागी अगर आलं ते कॉखच्या लॅबमधल्या वॉल्टर हेसची बायको फॅनी हेस हिच्यामुळे. ती स्वयंपाकात ते वापरायची. आपल्याकडे मे महिन्यात जिलेटिन टेबलावरच वितळलं असतं, त्यामुळे तिचे उपकार कोकणाने जास्त मानायला हवेत.

स्प्रेड प्लेट करताना, म्हणजे द्रव अगरवर सगळीकडे पसरवताना, काचेचा स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवून पेटवतात. अल्कोहोलचं बीकर बर्नरपासून लांब ठेवा आणि जळता किंवा गरम स्प्रेडर पुन्हा त्यात कधीच घालू नका. पेटलंच तर फुंकू नका, बीकरवर काचेची बशी झाका. पिपेट तोंडाने ओढायची नाही, साधं सलाइन असलं तरी.

दोन दिवसांनी जे दिसतं ते फेकून देण्याआधी वाचा. बिघडलेली प्लेट कुठे बिघडली ते सांगते. कॉलनी स्ट्रीकच्या रेघेवर नसून बाजूला आहे, तर ती हवेतून किंवा झाकणावरून पडली. अगरच्या पृष्ठभागावर नसून आत रुतलेली आहे, तर अगर गोठण्याआधीच मीडियात होती. सगळ्या वर्गाच्या प्लेटवर सारखीच वाढ आली, तर सगळ्यांनी वापरलेलं काहीतरी बघा: मीडिया, सलाइनची बाटली. एकाच्याच प्लेटवर आली तर त्याच्या शेजारी उभं राहून करंगळी बघा. कडेपासून पातळ पापुद्र्यासारखी पसरलेली वाढ म्हणजे बहुतेक वेळा प्लेट ओली होती. प्लेटमध्ये पांढऱ्या कापसासारख्या वाढीवर काळे ठिपके दिसले तर झाकण उघडूच नका, नाहीतर बीजाणू लॅबभर होतील. कडेने चिकटपट्टी लावून सरळ ऑटोक्लेव्हला. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही. वापरलेल्या पिपेट १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये, ट्यूब आणि प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर.

लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचा सरळ झोत देणारं कपाट) मिळाला की अनेकांना वाटतं, आता पथ्यांची गरज नाही. आडव्या झोताचा लॅमिनार तुमच्या प्लेटचं रक्षण करतो, तुमचं नाही. आतली हवा सरळ तुमच्या तोंडावर येते. रोगजंतूंचं काम त्यात करायचं नाही, त्याला बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. लॅमिनारमध्ये काम सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं त्याचा स्वतःचा पंखा चालू ठेवा, यूव्ही दिवा बंद करून मगच हात घाला, आणि उघड्या प्लेट व फिल्टर यांच्या मध्ये हात किंवा बाटली आणू नका.

ब्रॉथच्या दुसऱ्या ट्यूब लागोपाठ नितळ राहायला लागल्या, की मी मायक्रोकॉकस ल्युटियस देते. त्याच्या कॉलनी पिवळ्याधमक असतात, त्यामुळे प्लेटवर पिवळ्याशिवाय काही आलं तर कोणालाही लगेच दिसतं. स्टँडला एकाआड एक ट्यूब लावायच्या: एकीत कल्चर घालायचं, पुढची उघडून नुसता तापवून गार केलेला लूप बुडवायचा, मग पुन्हा कल्चर. या जंतूला ३० अंश बरे. दोन दिवसांनी एक गढूळ, एक नितळ, असा क्रम शेवटपर्यंत टिकला पाहिजे. तो टिकला की ई. कोलायची ट्यूब तुमची.