कोंबडीची अन्नपिशवी तुंबण्याआधी घरात काय तयार हवं

परसात आठ-दहा कोंबड्या आल्या की माणसं आधी औषधांचा डबा भरतात. डबा लागतोच, पण त्याआधी हाताला सवय लागली पाहिजे. कोंबडीच्या मानेच्या बुडाशी, तिच्या उजव्या अंगाला, पिसांखाली अन्नपिशवी असते. खाल्लेला दाणा तिथे भिजतो आणि थोडा थोडा करून पुढे पेट्यात दळायला जातो (कलेजी-पेटा खाणाऱ्यांना तो ओळखीचा आहेच). संध्याकाळी खुराड्यात शिरताना पिशवी भरलेली, टणकसर लागते, त्यात काळजीचं काही नाही. पहाटे, दाणा टाकायच्या आधी मात्र ती रिकामी, जवळजवळ सपाट लागायला हवी. सकाळची ज्वारी एकदा पडली की मग चाचपण्यात अर्थ उरत नाही. म्हणून कोंबड्या धडधाकट असतानाच रोज एक-दोन उचलून बोटं फिरवा. रिकामी पिशवी हाताला कशी लागते हे माहीत नसेल, तर बिघडलेली ओळखणार कशी?

पहाटे पिशवी भरलेली लागली तर बिघाड कोणता ते आधी ठरवा, तेलाची बाटली नंतर. कडक, दाबली तरी आकार न सोडणारा गोळा लागला तर पिशवी तुंबली आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी डुचमळत असेल आणि चोचीजवळ नाक नेल्यावर आंबूस, कुजकट वास आला, तर आत बुरशी वाढली आहे. कॅन्डिडा नावाची ही बुरशी बऱ्याचदा तुंबलेल्या पिशवीवर मागाहून चढते, किंवा पाण्यात अँटिबायोटिकची पावडर दिवसेंदिवस ढवळत राहिल्यामुळे वाढते. दुकानदार देतो म्हणून ती पावडर ओतत बसू नका. तिसरा प्रकार लोंबत्या पिशवीचा. स्नायू ढिले पडून पिशवी कायमची खाली लटकते. ती पूर्ववत होणं अवघड, एका वेळी थोडं खायला घालून सांभाळावं लागतं.

सोलापुरात तयारीची सुरुवात मी केरापासून करेन. यंत्रमागाच्या आसपासच्या वस्तीत चादरी-टॉवेलांच्या दशा, तुटकं सूत, चिंध्या केरात जातात आणि तो केर शेवटी परसाच्या कोपऱ्यात येतो. कोंबडीला सूत म्हणजे गांडूळच वाटतं. पेंडीच्या पोत्याची शिवण उसवली की निघणारा दोरा लोक तिथेच टाकून मोकळे होतात. संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, त्यात मांजाची भर पडते. हे सगळं पिशवीत गुंतून त्याचा गुंता होतो आणि त्यावर दाणा अडतो. तेव्हा आठवड्यातून एकदा वाकून दोरे वेचायचे, हे यादीतलं पहिलं काम. कडब्याची लांब चिपाडं आणि वाळलेलं गवतही आवारातून काढा. ओला चारा द्यायचा तर बोटाच्या पेराएवढा चिरून द्या.

चोचीतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक जिभेच्या बुडाला वेढलेलं किंवा पार पेट्यापर्यंत गेलेलं असू शकतं. बाहेर लोंबतो तेवढा कात्रीने कापा, थोडं टोक राहू द्या आणि कोंबडी दवाखान्यात न्या.

पेट्यात दाणा दळायला कोंबडीला खडी लागते, तेव्हा बारीक खडीची एक वाटी कायम भरलेली ठेवा. शिंपल्यांचा चुरा अंड्याच्या कवचासाठी चांगला, पण तो पोटात विरघळतो, दळायला उपयोगी पडत नाही. पाण्याचंही तसंच. नळाला रोज पाणी येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा कोंबड्यांचं पाणी पिंपात वेगळं राखा. सावलीत दोन भांडी ठेवा, एक सांडलं तरी दुसरं असतं. कोरडा दाणा पाण्यावाचून पिशवीतच थिजतो.

आता डबा. त्यात सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज, करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची छोटी बाटली, जुना टॉवेल, हातमोजे, टॉर्च आणि वही-पेन. स्वयंपाकघरातला वजनकाटा वेळेला हाताशी हवा, कारण पिसांमुळे रोडावलेली कोंबडीही गुबगुबीत दिसते. छातीचं हाड धारदार लागलं तर दुखणं आजचं नाही असं समजा. याशिवाय एक रिकामा पिंजरा लागतो. त्यात भुसा किंवा पाचट अजिबात नको, नाहीतर तेच खाऊन बसेल. खाली वर्तमानपत्र अंथरा, म्हणजे विष्ठा किती आणि कसली पडते तेही दिसतं.

तुंबलेल्या कोंबडीला त्या पिंजऱ्यात १२ ते २४ तास दाणा बंद, पाणी चालू. आपल्याकडच्या उन्हात पाणी तोडायचा विचारही नको. २-३ मिली तेल चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा. जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, एकदम पिचकारी मारली तर तेल फुप्फुसात उतरतं. मग पिशवी बोटांनी हलकेच चोळा, पाचेक मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. उलटी धरून ओकवायचा सल्ला शेजारची एखादी आक्का हमखास देईल. तिला चहा पाजा, पण कोंबडी हातात देऊ नका. ओकताना पाणी श्वासनळीत गेलं की ती जागीच गुदमरते.

आंबलेल्या पिशवीला तेल आणि चोळणं उपयोगाचं नाही. तिथे बुरशीवरचं औषध लागतं, बहुधा निस्टॅटिन, आणि त्याची मात्रा डॉक्टरच ठरवतील. उन्हाळ्यात गूळपाणी द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, या कोंबडीला ते बंद, कारण साखरेवर बुरशी माजते. मोरचूदही अंदाजाने घालू नका, जास्त झालं तर विष आहे.

एका दिवसात फरक पडला नाही, किंवा गोळ्यात दोरा असल्याची शंका आली, तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. त्याचा पत्ता, वेळ आणि १९६२ हा मदत क्रमांक आधीच डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. पिशवीला चीर देऊन गुंता काढता येतो, पण ते काम डॉक्टरांचं, घरातल्या ब्लेडचं नव्हे. जाताना वहीतलं वजन, पिशवी कधीपासून भरलेली आहे आणि आधी कोणतं औषध दिलं, एवढं सांगा. पाय लुळा पडत असेल तर तेही सांगा, कारण मरेक रोगात नस निकामी झाल्यानेही पिशवी अडते. मान पिळवटणं, हिरवट हगवण आणि एकाच वेळी दोन-चार कोंबड्या मलूल होणं ही चिन्हं राणीखेतसारख्या साथीची असू शकतात. तिथे पिशवी चोळत बसू नका, बाकीच्या वेगळ्या काढा आणि लगेच फोन करा.

बरी होत असलेल्या कोंबडीला दोन-तीन दिवस भिजवलेलं मऊ खाद्य थोडं थोडं, मग दाणा. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी घरात खाऊ नका, शेजारीही देऊ नका.