दोन कॉम्प्युटर, चार वाद्यं, घड्याळ मात्र एकच

घरच्या स्टुडिओत दुसरा कॉम्प्युटर जोडला आणि रेकॉर्डिंगमध्ये बारीक ‘टिक्’ यायला लागली. ड्रम वाजत असताना कळायची नाही, पण सिंथवर एखादा सूर लांब धरला की मधूनच टोचायची. केबल बदलल्या, सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं, बफर (आवाजाची तात्पुरती साठवण) वाढवला. टिक् तशीच!

दोन्ही कॉम्प्युटरांचे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणारी यंत्रं, ऑप्टिकल केबलनं जोडलेले होते, पण दोघंही आपापल्या घड्याळावर चालत होते. डिजिटल आवाजाचे सेकंदाला हजारो, उदाहरणार्थ ४८,०००, नमुने घेतले जातात. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत एका गतीनं धावत नाहीत, मग अधूनमधून एखादा नमुना गळतो किंवा दोनदा येतो. तीच ती टिक्. दुसऱ्या इंटरफेसच्या सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’वरून ‘एडॅट’वर, म्हणजे ऑप्टिकल केबलवरून येणाऱ्या पहिल्या इंटरफेसच्या घड्याळावर, नेला आणि ती थांबली. दोन्हीकडचा सॅम्पल रेटही (सेकंदाला किती नमुने) एकच लागतो.

म्हणून नव्यानं जुळणी करणाऱ्यांना कळकळीनं सांगते, केबल आणण्याआधी कागदावर नकाशा काढा. आवाज एका रंगात, मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा याचे संदेश) दुसऱ्या रंगात, घड्याळ तिसऱ्या. आणि घड्याळाचा मालक एकच ठरवा. मिडी क्लॉक ही वेगळी गोष्ट; ती लय सांगते, एका मात्रेला २४ ठोके. या दोन घड्याळांची गल्लत सुरुवातीला मीही केली होती.

मिडी १९८३ पासूनचं आहे, पण अजून भरवशाचं. एका केबलवर १६ चॅनल बसतात, वेग मात्र सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक सूर पोचायला जवळपास एक मिलिसेकंद. चार वाद्यं एकाच साखळीत ओवून दाट वाजवलंत तर सूर मागे पडू लागतात. अनेक पोर्टचा मिडी इंटरफेस घ्या, प्रत्येक वाद्याला स्वतंत्र पोर्ट द्या. एकच सूर दोनदा वाजतोय असं वाटलं तर कीबोर्डचं ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्ट्यांचा त्याच्याच आवाजाशी असलेला थेट जोड, बंद करा.

दोन कॉम्प्युटरांमध्ये मिडी नेटवर्कवरूनही जातं. तिथे वायफायवर विसंबू नका, तारच लावा.

स्पीकरमधली गुणगुण हा बहुतेक वेळा अर्थिंगच्या वेढ्याचा (यंत्रं एकाहून अधिक वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा) प्रताप. पाच पिनांच्या मिडी इनपुटला विद्युत विलगीकरण (दोन यंत्रांत विजेचा थेट जोड नसणं) असतं, यूएसबीला सहसा नसतं, त्यामुळे यूएसबीनं वाद्य जोडताच गुणगुण सुरू होऊ शकते. सगळे प्लग एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल (बाहेरून शिरणारा गोंगाट कमी करणारी) वापरा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही, कुणीही सांगितलं तरी, काढू नका. ती जिवाच्या रक्षणासाठी असते.

सगळं जोडून झालं की एक सूर दाबून धरा, दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. ड्रम त्यानंतर.