मुंबईतल्या गोराई-मनोरीचे शेतकरी आणि आरेतले तबेलेवाले यांना खरंच मदत करायची असेल तर

सगळ्यात आधी एक सांगते, रविवारी जाऊ नका. रविवारी मार्व्याच्या जेट्टीवर बीचवाल्यांची गर्दी असते आणि बेटावरची माणसं तुम्हालाही त्यातलेच धरतात. मधल्या वारी जा, सकाळी लवकर, मनोरीहून बोट लागते तेव्हा नुसते उभे राहा. डोक्यावर पाट्या घेऊन बायका उतरतात, वांगी, भेंडी, मुळा, माठ, उन्हाळ्यात ताडगोळे, आणि उतरल्या उतरल्या रिक्षा पकडायची घाई, कारण दुपारपर्यंत भाजी मान टाकते. त्यातलीच एक माझी मावशी. तिचं सासर मनोरीला आणि मी बोरिवलीत, म्हणजे मध्ये एक खाडी. बोट चुकली किंवा समुद्र खवळून बंद झाली तर तीच पाटी भाईंदर-उत्तनवरून फिरवून आणावी लागते, त्यात अर्धा दिवस आणि अर्धा नफा गेलाच समजा.

हे लिहायचं कारण, आमच्या सोसायटीतले लोक मला विचारतात "आम्हाला पण काहीतरी करायचंय गं" आणि मग काहीतरी म्हणजे एक फोटो, एक दिवस भाजी आणि विषय संपला. खरं सांगायचं तर एक दिवसाच्या गिऱ्हाइकाने त्रासच जास्त होतो. वर्षभर ठरलेल्या वारी घेणारी दहा घरं आणि कागदाच्या कामाला सोबत जाणारा एक माणूस, एवढं जमवा, बाकी सगळं त्यातनंच सुचत जातं.

भाजी कशी घ्यायची (आम्ही आधी चुकलो ते पण सांगते)

आम्ही पहिल्यांदा एक्सेल शीट केली. प्रत्येकाने आपलं आपलं लिहायचं, अर्धा किलो भेंडी, पाव किलो मिरची, दोन जुड्या मेथी. मावशीने बघितलं आणि म्हणाली, "अगो, झाडाला इचारून देऊ का?" बरोबरच होतं तिचं. त्या दिवशी भेंडी निघालीच नाही, वांगी ढीगभर निघाली, लोकांना वांगी नको होती, दुपारी तिला ती उरलेली पाटी परत न्यावी लागली आणि बोटभाडं वर. तेव्हापासून आम्ही "निघेल ती भाजी" पिशवी करतो. रक्कम ठरलेली, वार ठरलेला, आत काय असेल ते तिने ठरवायचं. वांगी आली तर वांगी खायची, दोन आठवडे भरीत होईल, चालतं.

भाव घासू नका. हे लिहायला लागू नये पण लिहावं लागतं, कारण मॉलमध्ये मुकाट पैसे देणारी माणसं पाटीवालीशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं बोलतात. भाव महिन्याला एकदा बसून ठरवा, बोटभाडं आणि रिक्षा धरून, आणि पैसे त्याच दिवशी द्या. क्यूआर कोड तिच्या स्वतःच्या खात्याचा आहे ना ते बघा, बरेचदा मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर असतो आणि मग तिच्या हातात काही येत नाही. रिकाम्या पाट्या, गोणपाट परत द्या. पावसाळ्यात लावणीच्या वेळी दोन-तीन आठवडे भाजी येणार नाही, तेव्हा लगेच दुसरीकडे गिऱ्हाईक धरू नका. जमलं तर त्या महिन्याची थोडी रक्कम आगाऊ द्या, बियाणं आणि मजुरी नेमकी तेव्हाच लागते.

बसायला जागा हा मोठा प्रश्न आहे. फूटपाथवर बसली की "गाडी आली" (पालिकेची) म्हणून ओरडा होतो आणि सगळ्या पाट्या उचलून पळतात. सोसायटीच्या गेटच्या आत दोन तास सावलीत बसू द्या, पाणी आणि टॉयलेट वापरू द्या (हे दुसरं जास्त महत्त्वाचं, बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत का ते आता कळलं असेल). कमिटीतले कोणी "असं विकता येतं का" म्हणाले तर सांगा, २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, शेतकरी थेट विकू शकतो. मावशीसारखं कोणी लोणचं, सुकवलेली कैरी, मसाला असं घरी करून विकत असेल तर अन्न सुरक्षेची साधी नोंदणी करून घ्या, फॉर्म ऑनलाइन भरता येतो, तुमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराला एका दुपारचं काम.

रानभाज्यांचं पण तसंच. टाकळा, शेवळं, कंटोली, भारंगी घेऊन आरेतल्या पाड्यांवरच्या वारली बायका जून-जुलैत बसतात. घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. शेवळं नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका, आमच्याकडे झालंय. शेवळं काकडं (आंबट रानफळं) घालून करायची असतात.

तबेले

आरे १९४९ साली सुरू झालं, शहरातले तबेले बाहेर काढून म्हशी एका जागी ठेवायच्या म्हणून. आज पण तिथे युनिट (म्हणजे तबेल्यांचे गट) आहेत, जोगेश्वरी-गोरेगावला तबेले आहेत, आणि हे सगळं साष्टी बेटावरच, म्हणजे आपलं उपनगर ज्यावर वसलंय त्याच बेटावर आहे बरं का, आपण विसरतो. तबेलेवाल्याला मदत म्हणजे काय, तर दूध तिथूनच घ्या हे आलंच, पण माझ्या मते शेण घ्या. खरंच. टेरेसवर झाडं लावणारे लोक ऑनलाइन शेणखत मागवतात प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दोन किलोमीटरवर माणूस शेणाचं काय करू म्हणून डोकं धरून बसलेला असतो. चार सोसायट्या मिळून महिन्याला एक टेम्पो ठरवा. मात्र कुजलेलं खत घ्या, ताजं शेण थेट कुंडीत घातलं की झाडं जळतात.

आणि कृपा करून शिळं अन्न घेऊन जाऊ नका. पितृपक्षात, लग्नानंतर, भंडाऱ्यानंतर लोक पातेलंभर भात, पोळ्या, शिरा गाईम्हशींपुढे ओततात आणि पुण्य केलं म्हणून घरी जातात. गाईम्हशींचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं आहे. एकदम भरपूर भात-पोळी गेली की पोटात आम्ल वाढतं, जनावर चारा सोडतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं आणि वेळेत डॉक्टर आला नाही तर जनावर जातं. एक म्हैस गेली म्हणजे एका घराची महिन्याची मिळकत गेली. द्यायचंच असेल तर हिरवा चारा द्या, किंवा पेंडीचे पैसे द्या, आणि आधी मालकाला विचारा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भाजीची देठं फेकणारे लोक, तुमच्याबद्दल काय लिहू.

लसीकरणाचं कॅलेंडर लावायला मदत करा, हे पटकन होण्यासारखं आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत ज्यांनी गाईंना वेळेत लस दिली त्यांना कमी त्रास झाला. कानातला १२ अंकी बिल्ला प्रत्येक जनावराला आहे ना बघा, नसेल तर पुढे कुठलीच मदत मिळताना अडचण येते. आजारी जनावर असेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, १८८३ पासूनचं, जुन्या लोकांना माहीत असतं, नवीन आलेल्या भय्यांना बरेचदा माहीत नसतं.

कागद

इथे तुमची खरी गरज आहे, कारण बेटावरून तहसीलला जाणं म्हणजे बोट, रिक्षा, ट्रेन, रांग, आणि साहेब जेवायला गेलेत. सातबारावर आजोबांचं नाव आणि खाली सतरा वारस, त्यातले चार हयात नाहीत, अशी अवस्था असते. वारस नोंद आधी. नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, त्याचा अर्ज फार कमी लोक करतात. मावशीचं नाव लावायला आम्हाला आठ महिने लागले, त्यात तिचा एकही दोष नव्हता, एका ठिकाणी तिचं नाव एक आणि आधारवर स्पेलिंग दुसरं.

त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो लागतोच. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० हे केवायसी अडकल्यामुळे थांबलेले असतात, त्यामुळे "पैसे येतात का" असं न विचारता "शेवटचा हप्ता कधी आला" असं विचारा. ई-पीक पाहणी मोबाइलवरून करायची असते, ती वेळेत झाली नाही तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, मग भात वाहून गेला तरी कागदावर तिथे काही नव्हतंच. किसान क्रेडिट कार्ड जनावरांसाठी पण मिळतं, बिनतारण कर्ज २ लाखांपर्यंत, हे तबेल्यात सांगितलं तर लोक आश्चर्याने बघतात, कारण ते पेंडवाल्याकडून उधारी घेतात आणि दुधातून फेडतात. आरेतल्या पाड्यांवरच्या लोकांना सातबारा नसतो, त्यांचा विषय वेगळा. त्यात २००६ च्या वनहक्क कायद्याची भानगड येते, तिथे माहितगार संघटनेबरोबरच जा, आपण शहाणपणा करू नये.

आणि जाताना "जमिनीला काय भाव आला आता" हे विचारू नका. प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. दलाल आठवड्याला येऊन जातात.

खारं पाणी

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि मोठ्या भरतीला बांधाला खांड पडली की खाडीचं पाणी शेतात. एकदा शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे भात नीट येत नाही, गोड पाण्याने मीठ धुवून निघेपर्यंत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशा खारट जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्यात, बियाणं तिकडे विचारा. माती तपासून घ्यायला द्या. तुम्ही स्वतः करू शकता असं म्हणजे खांड बुजवायला श्रमदान, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आणि त्यासाठी आधी गाववाल्यांना विचारून, कोणत्या खाचरात उतरायचं आणि कुठे नाही ते तेच सांगतील.

शरीर आणि मन

चिखलात अनवाणी लावणी, तबेल्यात मूत्र आणि उंदीर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती. गमबूट द्या, हे कुणी देत नाही आणि सगळ्यात उपयोगी आहे, मापं विचारून घ्या. पायाला जखम असताना पाण्यात गेलं असेल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्सिसायक्लिन या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारायचं, ताप आला की पॅरासिटामॉल घेऊन झोपून राहायचं नाही. साप चावला तर कापणं-चोखणं-घट्ट बांधणं काही नाही, हात-पाय हलवू न देता थेट हॉस्पिटल. रात्रीची शेवटची बोट गेल्यावर हॉस्पिटलला कशाने जायचं हे आधीच ठरवून ठेवा, कोणाची गाडी, कोणाचा नंबर, भाईंदरच्या रस्त्याने.

मनाचं बोलणं लोक टाळतात. कोणी झोपत नाही, जेवत नाही, दारू वाढलीय, म्हशी एकदम विकायला काढल्या, "आता काय उरलंय" असं दोनदा म्हणाला, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, कीटकनाशकाच्या बाटल्या दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पहिला फोन तुम्ही लावून द्या आणि मग त्याच्या हातात द्या. मावशीच्या शेजारच्या काकांच्या वेळी आम्ही सल्ले दिले, "होईल सगळं ठीक" वगैरे, त्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो रोज संध्याकाळी कोणीतरी चहा प्यायला जायचं याचा, आणि पेंडवाल्याच्या उधारीचे हप्ते बसून ठरवले त्याचा.

वादळ झालं तर

तौक्ते १७ मे २०२१ ला येऊन गेलं, केळी आडवी, पत्रे उडालेले, लाइट नाही. तेव्हा शहरातून बिस्किटं आली, पंचनामा कसा करायचा हे सांगणारं कोणी आलं नाही. साफसफाई करायच्या आधी फोटो काढा, तारीख आणि लोकेशन दिसेल असे, मग तलाठ्याला कळवा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय), लेखी द्या आणि पोच घ्या. पीक विमा असेल तर लगेच कळवायचं. जनावर गेलं तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका, २०२२ ते २०२६ च्या सरकारी निकषात दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये होते आणि अशी मदत दाखल्याशिवाय मिळत नाही.

फोन बंद पडतात हे लक्षात ठेवा, लाइट नसते. मी मावशीला जूनच्या आधी एक मोठी पॉवर बँक नेऊन दिली, आता ती आजूबाजूची चार घरं वापरतात, आणि केबल कोणीतरी हरवलीय, ती नवीन घेऊन बुधवारी जायचंय.