कारखान्यात युनियन बांधताय? या चुका टाळा

बुटीबोरी असो, देवळी असो की हिंगणघाटकडचं एखादं जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), आमच्या विदर्भात कामाला लागणं आणि कामावरून जाणं, दोन्ही तोंडीच चालतं. गावातल्या कुणीतरी लावून दिलं, मुकादमानं "उद्यापासून येऊ नको" म्हटलं, की संपलं. हीच सवय आपण युनियनमध्ये नेतो आणि तिथेच मार खातो.

पावतीविना वर्गणी

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मी स्वतः ज्या कारखान्यात होतो, तिथे दोनशेवर माणसं सोबत होती. वर्गणी मात्र एका वहीत नुसत्या टिका मारून गोळा केलेली. व्यवस्थापनानं "तुमचे सभासद किती?" असं लेखी विचारलं, तेव्हा पुढे ठेवायला कागदच नव्हता. चार महिन्यांची मेहनत त्या एका प्रश्नावर अडली. ती वही आठवली की अजून वाईट वाटतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन, संप आणि तंट्यांचा नवा केंद्रीय कायदा, लागू आहे. कारखान्यात अनेक युनियन असतील, तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तिला वाटाघाटीचा हक्क मिळतो. कुणाकडेच तेवढे नसतील, तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची परिषद वाटाघाटीला बसते. नोंदणीच्या अर्जावर सात जणांच्या सह्या चालतात, पण एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा लहान असेल तितके तरी सभासद हवेत. म्हणजे ३०० कामगारांमागे ३०. म्हणून पहिल्या दिवसापासून सभासदत्वाचा अर्ज, त्यावर सही किंवा अंगठा, तारीख आणि पावती. पुलगाव-हिंगणघाटच्या कापडगिरण्यांत ज्यांचे आजोबा होते त्यांनी घरातली जुनी ट्रंक उघडून पाहावी, पावत्या जपलेल्या सापडतीलही.

परवानगी मागायला जाणं

संघटना बांधायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. त्यासाठी मालकाकडे जायचं कारण नाही.

ठेकेदारीच्या माणसांना बाहेर ठेवणं

जिनिंगमध्ये हंगामाचा सगळा भार ठेकेदाराच्या माणसांवर आणि बायांवर असतो. कायम कामगार त्यांना मिटिंगलाही बोलवत नाहीत. मग काम बंद झालं की हीच माणसं मशीनवर उभी केली जातात आणि एकाच गावात दोन तट पडतात. दोष त्यांचा नाही, त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

रागाच्या भरात बंद

नोटीस दिल्याशिवाय आणि त्यानंतर १४ दिवस उलटल्याशिवाय संप करता येत नाही. समेटाची कार्यवाही, म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंत तडजोड घडवायचा प्रयत्न, सुरू असतानाही नाही. आपल्याकडे "संप नको, सगळे मिळून एक दिवस सुट्टी टाकू" असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. ठरवून एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी किरकोळ रजा घेतली, तरी नव्या संहितेत तो संपच धरतात.

व्यवस्थापनाच्या चुका

"तुमच्या पोराले समजवा, युनियनच्या नादी लागू नोको म्हना," असा निरोप बापाकडे पाठवणं अनेक मॅनेजरांना समजूतदारपणा वाटतो. त्यामागे नोकरीची धमकी असेल, तर ती अनुचित कामगार प्रथा, म्हणजे कायद्यानं मनाई केलेली वागणूक, आहे. आपल्या मर्जीतली युनियन उभी करणं, ऐन बांधणीच्या वेळी तिला खीळ घालायला पगार वाढवणं, प्रामाणिकपणे बोलणी करायला नकार देणं, हेही त्याच यादीत येतं. मागणीपत्र आलं की पोच द्या आणि बैठकीची तारीख लेखी कळवा. बरेचसे तंटे निव्वळ पोच न दिल्यामुळे चिघळलेले मी पाहिले आहेत.

करार न वाचता सही

मसुदा इंग्रजीत आला तर मराठी प्रत मागून घ्या आणि गेट मिटिंगमध्ये मोठ्यानं वाचा. शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोरच सही करा. आपसातला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेटात झालेला करार मात्र युनियनमध्ये नसलेल्यांना आणि नंतर कामाला लागणाऱ्यांनाही लागू होतो. सही झाली की एक प्रत सूचनाफलकावर लावा आणि दुसरी कारखान्याबाहेर, कुणाच्या तरी घरी ठेवा.